कोण गेलं?

मे महिन्यात बायको पोरांना घेऊन रत्नागिरीला माहेरी गेली की आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मी आणि आई दोघंच उरतो, आणि आई माळकरी असल्यामुळे घरातला मासे खाणारा मी एकटा, तोही लग्नानंतर बाटलेला. नाशिकचा माणूस मेथीची जुडी लांबून बघून सांगेल सकाळची आहे का कालची, पण मासा ताजा कसा ओळखायचा हे मला आजही नीट सांगता येत नाही. आईचं सोपंय, तिच्या मते मासा मुळातच खराब.

तर शनिवारी पहाटे मेहुणा कामासाठी नाशिकला आला आणि दारातच थर्माकोलचा खोका हातात देऊन म्हणाला, "भाऊजी, कुपा आहे. मिरकरवाड्यावर काल उतरलेला, थेट बर्फात घातलाय. १ जूनपासून बंदी लागेल, मग दोन महिने बसा बघत." कुपा म्हणजे टूना, तीन किलो. बायकोचा लगेच फोन, की दोन किलो फ्रीझरमध्ये टाक, एक किलो खाली ठेव, मी उद्या संध्याकाळी येतेय आल्या आल्या करते, खाली दोन दिवसांच्या वर ठेवायचा नसतो, आणि दुधाच्या वरच्या कप्प्यात ठेवू नकोस, पाणी गळेल.

आईने परवानगी दिली कारण सुनेच्या माहेरची वस्तू, नाही कशी म्हणणार, पण अटी घातल्या. स्टीलचा डबा, त्यावर सात पिशव्या, त्यावर चिकटपट्टी आणि मार्करने मोठ्या अक्षरात 'हात लावू नये'. स्वतःचं विरजण आणि मोरंबा तिने शेजारच्या काकूंकडे हलवला. घर सोडून जाताना हलवतात तसा.

डबा भरताना मी पहिल्यांदा घाबरलो. मांसावर मोरपंखी चमक, पाण्यावर रॉकेल सांडल्यावर दिसते तशी. व्हिडिओ कॉल लावला तर बायको हसायला लागली, म्हणे कापलेल्या मांसावर उजेड पडला की तसं दिसतं, त्याने काही होत नाही. मग कडेला जरा तपकिरी दिसलं म्हणून परत कॉल. तर हवा लागली की लाल रंग तपकिरी होतोच, नुसत्या रंगावर जाऊ नकोस, काही व्यापारी तर कार्बन मोनॉक्साईड वायू मारून जुना मासा लालबुंद ठेवतात, बोटाने दाबून बघ, खड्डा भरून येतो का, चिकट लागतोय का, आंबूस किंवा अमोनियासारखा वास येतोय का. मी दाबलं, भरून आला. वास मात्र मला कसलाच कळेना, माशाचा वास येत होता एवढंच.

(मागे जिमच्या नादात टूनाचा डबा आणलेला तेव्हाही हेच. आत काचेचे तुकडे सापडले म्हणून मी ग्राहक मंचात जायच्या तयारीत होतो, तर ते स्ट्रुवाईट नावाचे खडे निघाले, माशातल्याच क्षारांचे, कोमट लिंबाच्या रसात विरघळून गेले. उरलेला मासा मी तसाच पत्र्याच्या डब्यात सहा दिवस ठेवला आणि त्यावरून जे ऐकलं ते इथे लिहीत नाही. काचेच्या डब्यात काढून तीन-चार दिवसांत संपवायचा, आणि डबा फुगलेला असेल तर उघडायचाही नाही, चव बिव तर बघायचीच नाही, एवढं मात्र तेव्हापासून पाठ आहे.)

सकाळी दहाला लाईट गेली.

मे महिना, पारा चाळिसाच्या आसपास. मला वाटलं येईल अर्ध्या तासात, नाशिककराला ही आशा जन्मतःच मिळालेली असते. फ्रीज बंद ठेवला तर चार तास गारवा धरतो, भरलेला फ्रीझर तर दोन दिवससुद्धा काढतो, पण तो बंद ठेवला तर ना! आई दर दहा मिनिटांनी दार उघडायची, आत डोकं घालायची, जोरात श्वास घ्यायची आणि म्हणायची, "यायला लागला बघ." मी म्हणायचो, "आई, तू उघडतेस म्हणून येतोय." ती दार लावायची आणि खात्री करायला परत उघडायची. एक वाजता मी पोरांचा तापाचा थर्मामीटर पिशवीत खुपसला, त्यावर नुसतं 'लो' आलं. म्हणजे ताप नाही, एवढाच निष्कर्ष.

तीन वाजता धीर सुटला आणि गाडी काढून कोपऱ्यावरच्या रसवंतीवाल्याकडे गेलो.

"दादा, बर्फाची अर्धी लादी मिळेल का?"

त्याने चरक थांबवला. आवाज खाली आणला. "कोण गेलं?"

"कोणी नाही हो, कोकणातून आलाय."

"म्हणजे बॉडी तिकडून आणली?"

"हो, पहाटेच. मेहुण्याने."

आता मागे वळून बघितलं तर मी असं का म्हणालो मलाच कळत नाही, उन्हाने डोकं तापलेलं, डोळ्यांसमोर फक्त मासा. त्याने लादी गोणपाटात गुंडाळून दिली, पैसे घेईना, वर विचारतो, "नेणार कधी? अमरधामलाच ना? आणि दहावं गंगेवर?" मी म्हटलं, "बायको आली की ठरवू." त्याचे डोळे पाणावले.

घरी येऊन बर्फ लावतोय तर बायकोचा फोन. "लाईट गेली कधी?" दहाला. "आत्ता किती वाजले?" साडेतीन. "फ्रीझरमधला दगडासारखा आहे का? बर्फाचे कण दिसतायत?" दिसतायत. "तो चालेल. खालचा टाकून दे."

मी डबा उघडला, वास घेतला, दाबून बघितला, सकाळसारखाच. "अगं पण काहीच वास नाही!" तेव्हा ती म्हणाली, "तेच तर. कुपा, बांगडा, यांच्यात गारवा गेला की जंतू हिस्टामिन तयार करतात, वास यायच्या आधीच. मग कितीही मसाला घालून उकळ, ते जात नाही, फ्रीझरने पण नाही. खाल्लं की थोड्या वेळात तोंड लालभडक, डोकं ठणकतं, अंगाला खाज. कधी जिभेवर मिरीसारखं चुरचुरतं, पण त्याच्यासाठी काय खाऊन बघणारेस का?"

आणि इथे आई फिरली. सकाळपासून ज्या माशाच्या वासाने तिचं डोकं दुखत होतं त्याच माशाची ती वकील झाली. "चांगला आहे की! वास तरी येतोय का? किलोभर अन्न टाकता? पाहुण्याने रात्रभर मांडीवर आणलं बिचाऱ्याने!" माळ धरून सांगतो, असं ती म्हणत होती.

टाकायचा म्हटलं तरी घंटागाडी सकाळी. रात्रभर खाली ठेवला तर सोसायटीतली सगळी मांजरं जिन्यात. लाईट सहाला आली आणि टाकायचा मासा आम्ही खायच्या माशाशेजारी फ्रीझरमध्ये ठेवला, वेगळ्या पिशवीत, आईने त्यावर 'खराब' लिहिलं आणि खाली कंसात 'म्हणे'.

बायको रविवारी आली, सोमवार-मंगळवार आईचे, मंगळवारी रात्री तिने एक किलो फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात उतरवला आणि बुधवारी कालवण झालं. काय झालं होतं! जेवून रसाला गेलो. रसवंतीवाला मला बघून गल्ल्यावरून उठून बाहेर आला, खांद्यावर हात ठेवला.

"झालं का सगळं नीट?"

मी तृप्त होतो, बोलून गेलो, "निम्मं झालं. निम्मं अजून फ्रीझरमध्ये आहे."