मन्याच्या दाढांबद्दल क्लिनिककडून उत्तर

नमस्कार ताई. तुम्हाला एवढा वेळ ताटकळत बसावं लागलं, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. गड्डा जत्रेची गर्दी, रस्ते वळवलेले, त्यात गाडीखाली आलेलं एक कुत्रं मध्येच आलं. त्याला आधी घ्यावंच लागलं. राग येणं साहजिक आहे.

पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत की 'बोक्याचे सगळेच्या सगळे धडधाकट दात पैशासाठी उपटले, लाळ गळायची ती गळतेच.' हे फार लागलं.

सगळे नाही ताई. सुळे आणि पुढचे बारके दात तसेच आहेत, मन्याचं तोंड उघडून बघा की. काढल्या त्या दाढा. मन्या वाटीतल्या माशाला तोंड लावायचा आणि फिस्कारून मागे पळायचा, जांभई देताना ओरडायचा. हा व्हिडिओ तुम्हीच दाखवलात. नुसत्या हिरड्याच नाही, जबड्याचा पार मागचा कोपरा लालभडक होता, कापूस टेकवला की रक्त. हा स्टोमॅटायटिस, म्हणजे तोंडाच्या आतून येणारी सूज. दातांवर कीट बसतं आणि मांजराची स्वतःची प्रतिकारशक्तीच त्यावर चवताळते. बऱ्याचदा जोडीला कॅलिसीव्हायरस हा मांजरांमधला विषाणू असतो. दाढ दिसायला पांढरीशुभ्र असली तरी कीट धरायला जागा तीच देते. म्हणून काढायची.

आधीच्या डॉक्टरांकडे 'एका इंजेक्शनात खायला लागायचा' म्हणता. लागत असणारच, तुमच्या फाईलवर स्टेरॉइड लिहिलंय. त्याचा जोर ओसरला की पुन्हा तेच, आणि वरचेवर दिलं तर मांजराला शुगर होऊ शकते.

आता पैसे. भूल, रक्ततपासणी, एक्स-रे, सगळ्याचा अंदाज आधी लिहून दिला होता, खाली तुमची सही आहे. एक्स-रे उगाच लावला म्हणता, पण मुळाचा तुकडा आत राहिला तर सूज हटत नाही. मांजराची दाढ ती केवढी, तिचं एकेक मूळ सुटं करून काढावं लागतं. त्या दिवशी आमचं कुणाचंच जेवण झालं नाही, ते काही बिलात लावलं नाही.

तेव्हाच हेही सांगितलं होतं की साधारण तिघांपैकी दोन मांजरांना चांगला फरक पडतो, तोही काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी. बाकीच्यांना गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. तुम्ही टाके दाखवायलासुद्धा आला नाहीत, आमचा फोन कट केलात, आणि थेट इथे लिहिलंत.

असो. नंबर लावायचं आणि बसायच्या जागेचं काहीतरी बघतोय, मांजरांची वेळ वेगळी ठेवायचंही डोक्यात आहे. मन्याला घेऊन या, तपासणीचे पैसे घेणार नाही. तोवर खाणं भिजवून मऊ करून द्या. आणि दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, मांजराच्या जिवावर बेतते. येताना जुनी फाईल आठवणीने आणा.