‘सेरो सर्व्हेचे आकडे अंदाजपंचे’ या दाव्याचा एकेक मुद्दा

कोविडच्या अँटीबॉडी (विषाणूविरुद्ध शरीर बनवते ती प्रथिने) टेस्टबद्दल एक मजकूर अजून फिरतो आहे. आशय असा: 2020 मध्ये किट नापास झाले, साध्या सर्दीच्या अँटीबॉडीही मोजल्या गेल्या, देशात 0.73 टक्के आणि मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 57 टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला हे आकडे एकमेकांना खोटे पाडतात, पुढे मुंबईचा आकडा घसरला. म्हणून सेरो सर्व्हे (रक्तातल्या अँटीबॉडी मोजून किती जणांना संसर्ग होऊन गेला ते काढणारी पाहणी) हा बनाव. हे चुकीचे आहे.

‘किट नापास झाले.’ झाले, पण ते एप्रिल 2020 मधले आयात केलेले रॅपिड किट. आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह रुग्णांच्या नमुन्यांवर त्यांची अचूकता 6 ते 71 टक्के अशी कुठेही जात होती, म्हणून आयसीएमआरने (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) ते परत पाठवायला सांगितले. त्यात ते रोगनिदानासाठी वापरले जात होते. आयजीजी (या टेस्ट शोधतात तो प्रकार) अँटीबॉडी मोजण्याइतकी वाढायला साधारण दोन आठवडे लागतात. तापाच्या तिसऱ्या दिवशी उत्तम किटही निगेटिव्हच दाखवेल.

देशव्यापी सर्व्हेत वापरली ती पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) मे 2020 मध्ये तयार केलेली कोविड कवच एलायझा, म्हणजे अँटीबॉडी रंगावरून दाखवणारी टेस्ट. 96 वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटवर निष्क्रिय केलेल्या विषाणूचे अँटीजेन, म्हणजे अँटीबॉडी ज्याला चिकटते तो भाग, चिकटवलेले असते. त्यावर पातळ केलेले सीरम (रक्तातला पेशी काढलेला द्रव) घालायचे, धुवायचे, मग एन्झाइम जोडलेली दुसरी अँटीबॉडी, पुन्हा धुणे, शेवटी एन्झाइममुळे रंग धरणारे द्रव्य. निळा रंग आम्लाने थांबवला की पिवळा होतो, तो 450 नॅनोमीटरवर वाचतात. 90 नमुने अडीच तासांत होतात. उरलेल्या वेलमध्ये कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले नमुने. घात होतो तो धुण्यात. एका वेलमध्ये जरी आधीचे द्रव राहिले तरी निगेटिव्ह नमुना पिवळा दिसतो. म्हणून निगेटिव्ह कंट्रोलच रंगला तर अख्खी प्लेट रद्द करायची.

‘सर्दीच्या अँटीबॉडी मोजल्या.’ शंका रास्त आहे, सर्दीचे काही विषाणूही कोरोनाच्याच कुळातले. पण म्हणूनच डिसेंबर 2019 च्या आधी फ्रीजरमध्ये ठेवलेल्या सीरमवर किट तपासतात. ते सीरम नव्या विषाणूच्या संपर्कात आलेलेच नसते. तिथे पॉझिटिव्ह आले ते खोटे. एनआयव्हीच्या किटची विशिष्टता (बाधित नसलेल्यांना निगेटिव्ह दाखवण्याचे प्रमाण) 97.9 टक्के आणि संवेदनशीलता (बाधितांना पकडण्याचे प्रमाण) 92.37 टक्के भरली.

‘0.73 आणि 57 एकत्र खरे कसे?’ हा मुद्दा नीट समजून घ्यायलाच हवा. 1,000 माणसांत खरे बाधित 10 असतील, तर वरचे किट त्यातले 9 पकडेल आणि उरलेल्या 990 पैकी 21 जणांना उगाच पॉझिटिव्ह ठरवेल. 30 पैकी 21 खोटे! पण हेच किट 570 बाधित असलेल्या वस्तीत नेले तर 527 खरे आणि जेमतेम 9 खोटे. किट तेच, वस्ती बदलली. म्हणून दिसलेला आकडा तसाच धरायचा नसतो. 30 मधून 21 वजा करा, उरलेले 9 भागिले 0.90 (संवेदनशीलता अधिक विशिष्टता वजा 1): पुन्हा 10. देशाचा 0.73 टक्का अशा दुरुस्तीनंतरचा आहे. शिवाय तो मे-जूनमधला, 70 जिल्ह्यांतल्या प्रौढांचा. मुंबईचा 57 टक्के जुलैमधला आणि आर उत्तर, एम पश्चिम, एफ उत्तर या तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांचा. त्याच वॉर्डांत झोपडपट्टीबाहेर 16 टक्केच निघाले होते.

‘आकडा घसरला.’ ऑगस्टमध्ये त्याच तीन वॉर्डांच्या झोपडपट्ट्यांत 45 टक्के आले. मुंबईत विषाणूच्या आतल्या एन प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी मोजल्या होत्या आणि त्या टेस्टचा सिग्नल काही महिन्यांत उतरतो. संसर्ग होऊन गेलेला माणूस पुढे निगेटिव्ह दिसू शकतो. म्हणजे असा सर्व्हे संसर्ग कमी मोजेल, फुगवणार नाही.

लसीकरणानंतर हीच एन टेस्ट वेगळ्या कामाला आली. कोविशिल्डमुळे फक्त स्पाइकविरुद्ध (विषाणूच्या बाहेरच्या काट्यांच्या प्रथिनाविरुद्ध) अँटीबॉडी बनतात, त्यामुळे ती घेतलेल्या माणसात एन पॉझिटिव्ह आले की संसर्गच होऊन गेला असे धरता येते. कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा निष्क्रिय विषाणू असतो, तिथे हा फरक करता येत नाही. म्हणून सर्व्हेच्या फॉर्मवर लशीचे नाव विचारावेच लागते.