रंगीत पिक्चर ट्यूब नुसतं व्होल्टेज वाढवून उजळली नाही

जुन्या टीव्हींवरचा एक मजकूर सध्या बराच फिरतोय. त्याचं म्हणणं असं: सुरुवातीचे रंगीत टीव्ही अंधुक होते, कंपन्यांनी व्होल्टेज वाढवलं आणि चित्र उजळलं, पडद्यामागचा काळा थर ही निव्वळ जाहिरातबाजी, कारण काळा रंग उजेड खातो, आणि चित्र फिकं वाटलं तर ब्राइटनेसचं बटण पूर्ण फिरवायचं. ज्यांनी या पडद्यापायी वर्षानुवर्षं डोकं शिणवलं त्यांच्यावर हा अन्याय आहे.

व्होल्टेज वाढवलं की उजेड वाढतो, हे खरं. पण रंगीत संच साधारण 25 ते 30 हजार व्होल्टवर थांबले. त्यापुढे क्ष-किरणांची भीती होती. 1967 मध्ये अमेरिकेत काही रंगीत संचांतून मर्यादेबाहेर क्ष-किरण निघताना आढळले आणि 1968 मध्ये तिथे त्यावर कायदाच झाला.

अंधुकपणाचं मूळ वेगळंच होतं. पडद्याच्या मागे भोकांची पातळ धातूची जाळी असते, शॅडो मास्क. ट्यूबच्या मागच्या टोकाला इलेक्ट्रॉन सोडणारी गन असते. तिच्यातून सुटलेल्या इलेक्ट्रॉनपैकी सुमारे 80 टक्के या जाळीवरच आपटून वाया जातात. पडद्यावर लाल, हिरव्या, निळ्या फॉस्फरचे, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळला की चमकणाऱ्या भुकटीचे, ठिपके असतात. त्यात लाल फॉस्फर दुबळा, म्हणून पांढरा रंग जुळवायला हिरव्या-निळ्यालाही आवर घालावा लागे. ही अडचण सोडवली ती 1964 मध्ये आलेल्या युरोपियमयुक्त लाल फॉस्फरने.

आता काळा थर. फॉस्फरची भुकटी फिकट असते, खोलीतला उजेड तिच्यावर पडून परत येतो. त्यामुळे चित्रातला काळा रंग बंद पडद्याहून गडद होऊच शकत नाही. यावर जुना उपाय म्हणजे करडी काच. 42 टक्के उजेड सोडणारी काच घेतली, तर खोलीतला उजेड तिच्यातून जाऊन-येऊन 18 टक्क्यांवर येतो. पण चित्राचाही निम्म्याहून जास्त उजेड काचेतच मुरतो. झेनिथ या अमेरिकी कंपनीने 1969 मध्ये क्रोमाकलर ही पिक्चर ट्यूब आणली तेव्हा फॉस्फरचे ठिपके लहान करून मधली जागा काळ्या कार्बनने भरली. बाहेरचा उजेड तो कार्बन गिळतो, म्हणून काच करडी न करता पारदर्शक ठेवता आली. शिवाय इलेक्ट्रॉनचा झोत ठिपक्याहून मोठा झाला तरी कडेचा भाग काळ्यावर पडतो आणि रंग बिघडत नाहीत. त्यामुळे जाळीची भोकंही मोठी करता आली. आधी लहान भोकांमधून ठिपके छापायचे, मग तीच जाळी पुन्हा रसायनात टाकून भोकं रुंद करायची. इतकी बारीक कारागिरी आहे ही! काळा थर उजेड खातो, पण बाहेरचा.

सोनीच्या 1968 च्या ट्रिनिट्रॉन पिक्चर ट्यूबने जाळीत भोकांऐवजी उभ्या फटी घेतल्या. त्यातून जास्त इलेक्ट्रॉन पुढे जातात.

राहिलं बटण. ब्राइटनेस वाढवला की चित्रातला काळा भागही उजळून राखाडी होतो, आणि चित्र आणखी फिकं पडतं. जुना संच चालू असेल, तर खोलीतला उजेड कमी करा, ब्राइटनेस काळा भाग नुकता बुडेल इतका उतरवा आणि मग कॉन्ट्रास्ट चढवा.