सेवक कसला, पक्का व्यवहारी!

तुमच्या लेखात ब्लूस्ट्रीक क्लीनर रॅस या सफाई करणाऱ्या माशाला ‘प्रवाळांतला निःस्वार्थ सेवक’ म्हटलंय, ते काही पटलं नाही. जेमतेम १४ सेंटीमीटरपर्यंत वाढणारा हा मासा मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खातो हे खरं. पण त्याहून जास्त आवडतो त्याला गिऱ्हाइकाच्या, म्हणजे त्या मोठ्या माशाच्या, अंगावरचा बुळबुळीत थर! संधी मिळाली की हळूच त्याचाच घास घेतो. मग गिऱ्हाईक दचकून अंग झटकतं, पाठलाग करतं, नाहीतर सरळ दुसरीकडे जातं. त्या धाकानेच बेटा बराचसा सरळ वागतो. बाकी, गटातला एकुलता नर गेला की सर्वांत मोठी मादी काही तासांतच नराचा रुबाब दाखवू लागते आणि दोन-तीन आठवड्यांत खरोखरच नर होते, हे एका ओळीत का उरकलंत?