‘त्या टेपा तुला दिल्या कुणी?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक जुना कान’ या नावाने लिहिणाऱ्या काकांना,

(पत्राच्या सुरावरून तुम्ही वयाने मोठे दिसता, म्हणून काका म्हणतो. चालत नसेल तर सांगा.)

मागच्या आठवड्यात मी १९९६च्या मोसमातली एक कॅसेट डिजिटल करून इथे ठेवली. गोव्यात वागातोरच्या टेकडीवर झालेल्या ट्रान्स (सलग ठेक्याचं, नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत) पार्टीतली एक पहाट, नव्वद मिनिटांची. त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्या वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. मिक्समधलं (म्हणजे डीजेने एकापाठोपाठ एक ट्रॅक जोडून सलग वाजवलेलं) संगीत दुसऱ्यांच्या घामाचं आहे, ते फुकट वाटणं म्हणजे चोरी. त्या काळी टेपा हातातून हातात जायच्या त्या विश्वासावर. त्या विश्वासात मी कधी नव्हतोच, तरी मी त्या चव्हाट्यावर मांडल्या. तुमच्या स्वतःच्या कपाटात तीसेक डॅट (डिजिटल टेपा) आहेत आणि त्या ‘माझ्याबरोबरच जातील’. आणि शेवटी : ‘तू तेव्हा शाळेत असशील. सुवर्णकाळ म्हणतोस, तर ज्यांच्या झोपा उडाल्या त्यांना विचार. आणि त्या टेपा तुला दिल्या कुणी?’

दिल्या कुणीच नाहीत. भाड्यापोटी आल्या.

शाळेत होतो हे मात्र खरं. १९९६ साली मी म्हापशात सातवीत होतो. माझा मामा मंडप, लाईट आणि जनरेटर भाड्याने द्यायचा. जत्रेतला दशावतार, शिगमो, लग्नं, आणि नोव्हेंबर ते मार्च हणजूण-वागातोरकडच्या पार्ट्या. जनरेटर तोच, केबलची भेंडोळी तीच. आदल्या रात्री ज्या बल्बांखाली संकासुर नाचला, त्यांच्याचखाली दुसऱ्या रात्री गोरे नाचायचे. मामाला दोन्हीकडची एकच गोष्ट खटकायची : पहाटे चारला डिझेल संपलं की सगळे त्याच्याच नावाने ओरडत. एका मोसमाच्या शेवटी एक जण भाडं थकवून गेला आणि त्याबदल्यात पत्र्याची एक पेटी ठेवून गेला. आत बावन्न कॅसेटी. मामाच्या दृष्टीने त्या कोऱ्या कॅसेटी होत्या. त्याने त्यातल्या बऱ्याचशांवर देवळातली भजनं भरली. तुम्ही ऐकलेल्या फाईलच्या सुरुवातीला दोन सेकंद टाळ वाजतात आणि मग अचानक बेस सुरू होतो, तो काही कलात्मक प्रयोग नव्हे. भजन तिथे संपलं म्हणून ट्रान्स वाचला, एवढंच.

झोपेचा मुद्दा मान्य. माझी आजी शिवोलीची. वारा दक्षिणेचा असला की रात्रभर ती कूस बदलायची आणि सकाळी सगळ्यांशी तुसडेपणाने वागायची. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद हा नियम २००० साली आला, तो उगाच नाही आला. ‘सुवर्णकाळ’ हा शब्द मी त्या लेखातून काढून टाकला आहे. नाहीतरी तो मला शोभत नव्हता. मी त्यातलं काही पाहिलं नाही, फक्त ऐकलं.

आता विश्वासाबद्दल. इथे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, म्हणून जपून लिहितो.

डॅट ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी : सोनीने १९८७ साली आणलेली ही डिजिटल टेप. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी, आत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद फीत. इथल्या उन्हात विनाइल, म्हणजे रेकॉर्डची प्लेट, वाकायचं, वाळू खोबणीत बसायची, शिवाय शंभर प्लेटांचं ओझं विमानातून कोण आणणार? डॅट मात्र शंभर असल्या तरी एका पिशवीत मावत. लंडनमध्ये किंवा इस्राएलमध्ये कुणी एखादा ट्रॅक पुरा केला की रेकॉर्ड निघायच्या कितीतरी आधी त्याची डॅट हणजुण्यात पोचायची आणि पहाटेच्या गर्दीवर तो पारखला जायचा. डॅटच्या सर्वसाधारण मशीनवर वेग कमीजास्त करता यायचा नाही, त्यामुळे दोन ट्रॅकचे ठेके जुळवत बसायची सोय नव्हती. एक संपत आला की दुसरा सोडायचा. त्या काळच्या ट्रॅकना सुरुवातीला आणि शेवटी ठेका नसलेला लांबलचक धुरकट भाग असतो, तो याचमुळे. आज संगणकावर बसलेली पोरं तीच सुरुवात ‘अध्यात्मिक’ म्हणून जोडतात. ती मशीनची मर्यादा होती.

तर ती डॅट विश्वासाने दिलेली होती, हे खरं. ‘वाजव, पण पुढे देऊ नकोस.’ पण काका, त्या विश्वासाला मत्सराचीही किनार होती, हे तुम्हीही नाकारणार नाही. जे माझ्याकडे आहे ते तुझ्याकडे नाही, ही त्यातली निम्मी गोडी. घरगुती डॅट मशीनमध्ये तर नकलेची डिजिटल नक्कल होऊ नये म्हणून कुलूपच घातलेलं असायचं, आणि ते कुलूप ज्यांनी चुकवलं त्यात तुमच्याच पिढीतले डीजे होते. तेव्हा टेपेने कुणाला शपथ घातली असेल तर ती सर्वात आधी कुणी मोडली, हे तुम्हाला ठाऊक आहे.

आणि मुख्य म्हणजे, माझ्याकडे आहे ते वेगळंच आहे. निर्मात्याने डीजेला दिलेली डॅट माझ्याकडे आली असती तर मी ती इथे ठेवली नसती. माझ्याकडे आहेत पार्टीत कुणीतरी भरलेल्या कॅसेटी. त्यांत ट्रॅक आहेत, पण सलग कोरे करकरीत नाहीत. एकावर एक चढलेले, मध्ये जनरेटरची घरघर, कुत्री, आणि दुसऱ्या बाजूच्या एकोणतिसाव्या मिनिटाला एका बाईचा आवाज : ‘दूद सोंपलें गो!’ (दूध संपलं गं!) चटया टाकून, समई एवढ्या उजेडाच्या दिव्यावर चहा नि ऑम्लेट-पाव विकणाऱ्या बायकांपैकी कुणीतरी. गोव्याच्या या संगीतावर इतकं छापून आलंय, त्यात या बायका फोटोच्या कडेला दिसतात. आवाज मी फक्त इथे ऐकला.

रेकॉर्ड आणि मिक्स यांत मी फरक करतो तो एवढ्यासाठीच. रेकॉर्ड मी कधीही वाटलेली नाही, वाटणारही नाही. ड्रॅगनफ्लाय, टिप, ब्लू रूम, फ्लाइंग ऱ्हायनो या कंपन्यांनी काढलेल्या प्लेटा आणि सीड्या मी पगारातून एकेक करून घेतल्या, त्यातल्या काहींसाठी मूळ किमतीपेक्षा जास्त जकात भरली. जे विकत मिळतं ते विकत घ्यावं. आणि जे मिळत नाही तेही पुन्हा निघू शकतं. चरणजीत सिंग यांचंच बघा : हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारा माणूस १९८२ साली मुंबईत रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्यं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवतो, एचएमव्ही रेकॉर्ड काढते, कुणी ढुंकून बघत नाही. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती ती प्लेट लागते, २०१० साली ती पुन्हा निघते, आणि सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपात जाऊन ती प्रत्यक्ष वाजवतात. २०१५ साली ते गेले, पण काय वाजवलं होतं ते जगाला कळल्यावर गेले. हे शक्य झालं कारण प्लेट छापलेली होती. एक हरवली तर दुसरी कुठल्यातरी दुकानात असते.

पार्टीतल्या मिक्सची दुसरी प्रत नसते. ती रात्र एकदाच झाली, एकाच फितीवर बसली, आणि ती फीत आपल्या हवेत आहे.

कायदा तुमच्या बाजूने आहे, त्यात मी वकिली करणार नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षं चालतो. १९९५च्या रेकॉर्डवर २०५५ साल संपेपर्यंत. तोपर्यंत मी सत्तरीत असेन आणि कॅसेटीवरचं चुंबकीय लुकण पावडर होऊन गळलेलं असेल. १८ डिसेंबर १९९४ला बीबीसी रेडिओ १वर पॉल ओकनफोल्ड या इंग्लिश डीजेने दोन तासांचा ‘गोवा मिक्स’ वाजवला, तो आज जगभर ऐकला जातो. लोकांनी घरोघरी रेडिओसमोर कॅसेट लावून तो टिपला आणि एकमेकांना दिला, ते बेकायदाच होतं. गंमत अशी की गोव्याच्या नावाने गाजलेला तो मिक्स लंडनचा, आणि गोव्यात वाजलेले मिक्स मात्र भजनाखाली गेले.

हवेचं म्हणालो, त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ‘फाईल बनवून टाकली’ असं तुम्ही लिहिलंत ते मला झोंबलं.

जून ते सप्टेंबर आमच्या घरात चामड्याची चप्पल आठवड्यात पांढरी होते. कॅसेटीच्या खिडकीतून बघितलं की फितीच्या गुंडाळीवर तसाच पांढरा कापूस दिसतो. ती तशीच मशीनमध्ये घातली की बुरशी फीत वाचणाऱ्या हेडवर बसते आणि पुढच्या प्रत्येक टेपेला लागते. माझ्या पहिल्या डेकची वाट मी अशीच लावली. आता आधी टेप सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर सुकवतो. मग तोंडाला फडकं बांधून अंगणात मऊ ब्रशने झाडतो. स्क्रूचं कवच असेल तर फीत काढून नव्या कवचात घालतो. चिकटवलेलं असेल तर देवाचं नाव घेऊन सुरीने फोडतो. प्रत्येक कॅसेटीसाठी हेडचा कोन बारीक पेचकसाने फिरवावा लागतो, कारण जिच्यावर भरली त्या मशीनचा कोन माझ्या मशीनसारखा नसतो. हाय-हॅट (ड्रमची झांज) मातीत पुरल्यासारखी वाजत असते, पेच अर्धा केस फिरला की एकदम कान उघडतात. तो क्षण मला कुठल्याही पार्टीपेक्षा जास्त आवडतो. नव्वद मिनिटांच्या टेपेला चार संध्याकाळी जातात.

डॅटचं तर याहून वाईट. कॅसेट म्हातारी होते तशी खरखरते, पण गाते. डॅट गाते ती शेवटपर्यंत स्वच्छ, आणि मग एक दिवस टरटरून गप्प होते. आतलं गोल फिरणारं हेड मिनिटाला दोन हजार फेरे घेतं. फितीला जरा चिकटपणा आला की तीच फीत गुंडाळून घेतं. सोनीने मशीन बनवणं २००५ साली थांबवलं. सुटे भाग आता दुसऱ्या मेलेल्या मशीनमधूनच काढायचे. गोव्यातल्या या पार्ट्यांचे जुने डीजे गोवा गिल अखेरपर्यंत डॅटवरच वाजवत राहिले. २०२३च्या ऑक्टोबरात ते गेले, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आता हे यंत्र चालवणारे हातही संपत चालले.

आता जिथे तुम्ही पूर्ण बरोबर आहात तिथे येतो. दोन वर्षांपूर्वी मी ठेवलेली एक फाईल कुणीतरी उचलली, वर भलतंच नाव आणि शिवाचं चित्र चिकटवलं आणि पैसे घेऊन विकायला लावली. मला ते सहा महिन्यांनी कळलं. तक्रार केली, काही झालं नाही. म्हणजे मी फुकट दिलं आणि त्यावर तिसऱ्यानेच धंदा केला, आणि ज्याने तो ट्रॅक बनवला त्याच्या हाती शून्य. याआधी मी याबद्दल लिहिलं नाही, लाज वाटत होती. दुसरं, मी ट्रॅकची नावं देत नव्हतो. ‘ओळखा पाहू’ असा खेळ केला होता, वाचकांना आवडायचा. तुमचं पत्र वाचल्यावर वाटलं की हा तर तुमच्या पिढीतला तोच जुना मत्सर, मला माहीत आहे आणि तुम्हाला नाही.

तर गेले चार दिवस बसून सगळ्या सतरा मिक्सच्या याद्या केल्या. जे ओळखता आले त्या प्रत्येक ट्रॅकपुढे कलाकार, कंपनी आणि आज तो विकत कुठे मिळतो ते लिहिलं आहे. नऊ ट्रॅक राहिले. उतरवून घ्यायची सोय बंद केली, आता फक्त ऐकता येईल. कुणी कलाकाराने ‘काढ’ म्हटलं तर त्याच रात्री निघेल, कारण विचारणार नाही. पण ‘दूद सोंपलें गो’ मी काढणार नाही. तो तुकडा संगीतापासून वेगळा करून ठेवीन.

हे संगीत ‘आपलं नव्हेच’ असं तुमच्या पत्रात एका ओळीत आहे, त्यावर फार लिहीत नाही. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री म्हापशात एक फेरी मारा. पन्नास फुटांवर एकेक नरकासुर, आणि प्रत्येकासमोर माणसाएवढ्या बॉक्सवर काय वाजत असतं ते ऐका. कानांचे हाल होतील, आजीचे व्हायचे तसे. पण वाजवणारी पोरं मात्र आपलीच.

राहता राहिलं तुमचं कपाट. मी त्या तीस डॅट मागत नाही. दिल्यात तरी इथे ठेवणार नाही, ते वर लिहिलंच आहे. फक्त एवढं करा : त्यांचा खोका भिंतीला टेकलेल्या खणात असेल तर तिथून काढा, भिंत पावसाळ्यात पाणी पिते. टेपा आडव्या न ठेवता उभ्या ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या दर दोन महिन्यांनी बदला. मशीन चालू असेल तर हरतालिकेच्या आत एकेक टेप शेवटापर्यंत पळवून पुन्हा मागे आणा. आणि खिडकीतून पांढरं काही दिसलं, तर ऐकायचा कितीही मोह झाला तरी ती टेप मशीनमध्ये घालू नका.