रॅकून पकडून दूर सोडून येणाऱ्या मित्रांसाठी

गेल्या आठवड्यात टोरंटो परिसरातील मराठी मंडळींच्या एका व्हॉट्सॲप गटावर एका स्नेह्यांनी छायाचित्र टाकले. गॅरेजशेजारच्या पिंजऱ्यात एक गलेलठ्ठ रॅकून (डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला इकडचा प्राणी) बसलेला होता आणि खाली लिहिले होते, "पकडला एकदाचा! उद्या सकाळी चाळीस किलोमीटरवर जंगलात सोडून येतो." त्यावर अंगठ्यांचा आणि टाळ्यांचा पाऊस पडला. "जीव न घेता काम झाले, पुण्य लागेल," असे एका काकूंनी लिहिले. तीन रात्री छपरातल्या धडधडीने झोप न मिळालेल्या माणसाच्या आनंदावर विरजण घालणे बरे वाटले नाही, म्हणून मी तेव्हा गप्प राहिलो. मात्र जे तिथे लिहिले नाही ते इथे सविस्तर लिहितो, कारण हा प्रकार आमच्या ऑन्टारिओ प्रांतात (टोरंटो ज्यात येते त्या कॅनडाच्या प्रांतात) बेकायदेशीर आहे आणि माझ्या मते तो दयाळूपणाचाही नाही.

ही सवय आपण घरूनच आणली आहे, हे आधी कबूल करतो. आमच्या चाळीत उंदीर पिंजऱ्यात सापडला की वडील तो पिंजरा पिशवीत घालून नाल्यापलीकडे सोडून येत असत. नाल्यापलीकडची माणसे त्यांचे उंदीर आमच्या बाजूला सोडत असत, हे मला बऱ्याच वर्षांनी कळले.

ऑन्टारिओचा १९९७ चा मत्स्य व वन्यजीव संवर्धन कायदा घरमालकाला रॅकून पकडण्याची मुभा देतो, परंतु तो प्राणी मालमत्तेचे नुकसान करत असेल किंवा लवकरच करणार असेल तेव्हाच. नुसता कुंपणावर बसून आपल्याकडे टक लावून पाहतो, एवढे कारण पुरत नाही. जिवंत पकडलेला प्राणी चोवीस तासांच्या आत आणि पकडलेल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आत सोडावा लागतो. विष घालणे किंवा चिकट सापळे लावणे यांना मनाई आहे, आणि प्राण्याला विनाकारण यातना देणे हाही गुन्हा आहे. शिवाय शहराचे स्वतःचे नियम असू शकतात, म्हणून टोरंटोत राहणाऱ्यांनी आधी शहराच्या ३११ या चौकशी क्रमांकावर विचारून घ्यावे.

एक किलोमीटर ऐकून लोक हसतात. एवढ्या अंतरावरून तो रात्रीच्या जेवणाच्या आत परत येईल, असे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण या अटीमागचा इतिहास पाहिला की हसू थांबते. १९७० च्या दशकात शिकारीच्या हौसेपायी अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतून रॅकून पकडून व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या सीमाभागात सोडले गेले आणि त्यांच्यासोबत रॅकूनमधील रेबीजही तिथे पोहोचला, असे मानले जाते. १९७७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियात त्याची पहिली नोंद झाली आणि तिथून ती साथ वर्षानुवर्षे पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडे सरकत राहिली.

आमच्या प्रांतात हा रोग आटोक्यात आला होता. २००५ नंतर रॅकूनमधील या रेबीजची नोंद नव्हती. डिसेंबर २०१५ मध्ये हॅमिल्टन शहरात प्राणी पकडणाऱ्या विभागाच्या गाडीत दोन कुत्री आणि एक रॅकून यांची झुंज झाली, आणि तपासणीत त्या रॅकूनला रेबीज असल्याचे निघाले. त्यानंतर साथ पसरली आणि सरकारला लस भरलेली आमिषे मोठ्या प्रमाणावर पेरावी लागली. माझ्या मनात घर करून राहिली ती पुढची गोष्ट. विषाणूची जनुकीय तपासणी केल्यावर त्याचे नाते सीमेलगतच्या विषाणूंशी न जुळता शेकडो किलोमीटर दूर असलेल्या न्यूयॉर्क राज्याच्या आग्नेय भागातील विषाणूंशी जुळले. इतके अंतर रोगी रॅकून चालत येत नाही. तो बहुधा एखाद्या वाहनातून, कोणाच्या नकळत किंवा कोणाच्या सौजन्याने, इकडे आला असावा.

दूर सोडलेल्या प्राण्याचेही भले होत नाही. अनोळखी मुलखात अन्न, पाणी आणि बिळे कुठे आहेत हे त्याला माहीत नसते, आणि तिथले रॅकून आधीच जागा धरून बसलेले असतात. आपल्या जुन्नर परिसरातील बिबट्यांचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. या शतकाच्या सुरुवातीला तिथून पकडलेले बिबटे इतरत्र सोडण्यात आले, आणि वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून असे दिसले की त्यानंतर माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले. बिबट्या आणि रॅकून यांची तुलना होत नाही, पण "उचला आणि दूर टाका" या उपायाची तुलना नक्कीच होते.

तरीही पिंजरा लावायची वेळ आलीच तर तो नीट लावावा. रॅकूनसाठी साधारण बत्तीस इंच लांब आणि दहा-बारा इंच रुंद-उंच असा जाळीचा पिंजरा लागतो. मासे किंवा मांस आमिष म्हणून ठेवू नये, कारण मग शेजाऱ्यांचे मांजर किंवा स्कंक (घाबरला की दुर्गंधीचा फवारा मारणारा प्राणी) सापडतो, आणि स्कंक भरलेला पिंजरा उघडायला कोणी मित्र येत नाही. मार्शमॅलो चांगले चालतात. आमिष दाबपट्टीच्या (पाय पडताच दार बंद करणाऱ्या पट्टीच्या) पलीकडे, पण जाळीपासून दूर ठेवावे, कारण रॅकूनचे पुढचे पंजे विलक्षण संवेदनशील असतात आणि तो जाळीबाहेरून हात घालून खाऊ अलगद काढून नेतो. पिंजऱ्यावर वजन ठेवावे, तो सावलीत असावा, आणि सकाळी उठल्याबरोबर तपासावा. प्राणी सापडल्यावर पिंजऱ्यावर जुनी चादर टाकली की तो शांत होतो. जाळीतून बोट घालण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नये.

आता माझ्या छपराची हकिगत. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आमच्या ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या पोकळीत, धडपड सुरू झाली. पहिल्या कंपनीचा माणूस आला आणि जिन्यावर पाऊलही न ठेवता म्हणाला, "पिंजरा लावतो, पकडून घेऊन जातो, प्रत्येक प्राण्याचे वेगळे पैसे." कुठे नेणार, या प्रश्नाला त्याने उत्तर दिले नाही. मी त्याला निरोप दिला. दुसऱ्या कंपनीची एक तरुण मुलगी आली. ती आधी वर चढली आणि धुराड्याजवळच्या उष्णतारोधक कापसात तिला चार पिल्ले दिसली. वसंतात छपरात शिरलेला रॅकून म्हणजे बहुतेक वेळा बाळंतीण मादी असते, हे मला तेव्हा कळले. पहिल्या माणसाचे ऐकले असते तर आई चाळीस किलोमीटरवर आणि पिल्ले आमच्या डोक्यावर उपाशी मेली असती. वास पुढे किती दिवस आला असता, ते वेगळेच.

त्या मुलीने पिल्ले हातमोजे घालून एका खोक्यात ठेवली, खोके छपरावर भोकाजवळ बसवले आणि भोकाला बाहेर जाता येईल पण आत येता येणार नाही असे एकाच बाजूने उघडणारे दार लावले. रॅकून मादीला आसपास दोन-तीन ठिकाणे आधीच ठाऊक असतात. त्या रात्री कॅमेऱ्यात आम्ही पाहिले की ती बाहेर पडली, दाराशी बराच वेळ झटापट करून थकली, मग एकेक पिल्लू मानेला धरून घेऊन गेली. चौथे पिल्लू न्यायला पहाटेचे पावणेचार झाले होते. माझी पत्नी तोवर जागी होती.

आतली विष्ठा साफ करणे हे सर्वांत अप्रिय काम, पण ते हलक्यात घेऊ नये, कारण रॅकूनच्या विष्ठेत माणसाला घातक ठरणाऱ्या गोलकृमीची अंडी असू शकतात. मास्क, हातमोजे आणि उकळते पाणी हवेच. लहान मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवावे.

पिल्ले गेल्यावर छपराच्या कोपऱ्यातील भोकाला जाड लोखंडी जाळी स्क्रूने घट्ट बसवली. रॅकून चार इंचांच्या फटीतूनही शिरतो, त्यामुळे त्या मुलीने सगळे छप्पर फिरून आणखी दोन जागा बुजवल्या. खर्च पिंजऱ्यापेक्षा अर्थातच जास्त आला. शहराने २०१६ मध्ये रॅकूनना उघडता येऊ नयेत म्हणून कुलूपवजा मूठ असलेल्या ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यांवर ३.१ कोटी डॉलर खर्चायला घेतले, त्या मानाने माझा आकडा किरकोळ होता, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मादी फार लांब गेली नाही. चार घरे सोडून एका शेडखाली ती असते, असे तिथले गृहस्थ सांगतात, आणि मी त्यांना त्या मुलीचा फोन नंबर देऊन ठेवला आहे. दर शरद ऋतूत आमच्या जाळीखालच्या पन्हळीवर चिखलाचे छोटे पंजे उमटलेले दिसतात. ती येऊन स्क्रू तपासून जाते.