माझं शटर मोडलं, आणि मला विचारतात ऑर्डर नंबर काय

मी काहीही मागवलं नव्हतं. हे एवढं साधं वाक्य त्या ऑनलाइन खरेदीच्या कंपनीतल्या एकाही माणसाच्या डोक्यात शिरत नाही. मागवलं आमच्या वरच्या मजल्यावरच्यांनी, ते घेऊन आला तुमचा टेम्पो, आणि माघारी जाताना त्याने माझ्या दुकानाचं शटर चेपलं. मग माझ्याकडे ऑर्डर नंबर कुठून येणार? आणि नंबर नाही म्हणून माझी तक्रारच घ्यायची नाही, हा कुठला न्याय?

ठाणे शहरात, वर्तकनगरला माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, लग्नसराईत घागरे. गाळा माझ्या नावावर आहे, हप्ते अजून चालू आहेत. दुपारी जेवायला शटर ओढून घरी जाते, तेवढ्या वेळात हे झालं. छोटा हत्ती गल्लीत सरळ शिरला, पुढे वळायला जागा नाही म्हणून रिव्हर्स घ्यायला लागला. मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणायला सोबत कोणी नाही. गाडीचा मागचा कोपरा सरळ शटरमध्ये घुसला. उजवीकडचं चॅनेल बोल्टांसकट भिंतीतून उपटून आलं, खालच्या पट्ट्या त्यातून निसटून आत वाकल्या, आणि शटर जे अडकलं ते जागचं हलेना.

आत एका मुलीच्या हळदीचा ब्लाउज. दुसऱ्या दिवशी सकाळी हळद. ती आणि तिची आई फुटपाथवर उभ्या, आणि मी हातात किल्ल्या घेऊन त्यांच्याकडे बघतेय. शेवटी शटरवाल्याने ग्राइंडर लावून पट्ट्या कापल्या, तेव्हा कुठे मी वाकून आत शिरले. ठिणग्या उडून दारालगत ठेवलेल्या अस्तराच्या ताग्याला भोकं पडली, ते नुकसान आणखी वेगळं. दुकानाला भगदाड, आत गिऱ्हाइकांच्या साड्या, म्हणून नवरा रात्रभर बाहेर खुर्ची टाकून बसला. नवीन शटर, चॅनेल, वेल्डिंग, भिंतीची डागडुजी मिळून २३,००० रुपये. पक्कं बिल आहे माझ्याकडे. शेजारच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यात सगळं दिसतंय, गाडीच्या नंबरासकट. पुराव्यात कुठेही खोट नाही.

आता त्या कंपनीचं बघा. ॲपमधल्या मदतीत ठरावीक पर्याय: सामान आलं नाही, सामान खराब निघालं, पैसे परत हवेत. "तुमच्या गाडीने माझं नुकसान केलं" असा पर्यायच नाही. फोन केला तर यंत्र सांगतं, या मोबाइल क्रमांकावर चालू ऑर्डर नाही, आणि फोन बंद. माणूस लागलाच तर तोही ऑर्डर नंबर विचारतो, मग "मॅडम, आम्ही पुढे कळवतो", आणि पुढे काहीही नाही. दिवसाला लाखो पार्सलं रस्त्यावर सोडणाऱ्या कंपनीला आपल्या गाड्या कुणाला तरी धडकतील, कुणाचं काही मोडेल, हे सुचलंच नसेल? सुचलेलं आहे. तक्रारीला दारच ठेवलेलं नाही, आणि तेही मुद्दाम.

लोक सांगतात ग्राहक हेल्पलाइनला फोन करा, १९१५ ला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, त्यात ग्राहक म्हणजे पैसे मोजून वस्तू किंवा सेवा घेणारा. मी कुठे घेतली? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत कंपनीने तक्रार अधिकारी नेमायचा, ४८ तासांत पोच द्यायची, महिन्याभरात निकाल लावायचा, असं लिहिलंय. पण तीही ग्राहकाच्या तक्रारीची. वरच्या वहिनींचं पार्सल धड पोचलं, त्यांना तक्रारच नाही. म्हणजे ज्याचं सामान नीट आलं त्याच्यासाठी अधिकारी, हेल्पलाइन, ग्राहक आयोग सगळं हजर, आणि जिचं दुकान फुटलं तिने यातल्या एकाही दारात पाय ठेवायचा नाही. संताप होतो माझा!

बरं, कंपनीकडून शेवटी एकदा मेल आला. चालक आमचा कर्मचारी नाही, गाडी आमची नाही, कृपया संबंधितांशी संपर्क साधावा. संबंधित कोण? मीच शोधले. मोठी कंपनी माल पोचवायचं काम दुसऱ्या कंपनीला देते, ती भिवंडीतल्या व्हेंडरला देते, व्हेंडर टेम्पो मालकाकडून गाडी उचलतो, आणि मालक तीवर ड्रायव्हर ठेवतो. एवढ्या उतरंडीच्या तळाशी विशी-बाविशीतला एक पोरगा. तो पळाला नव्हता. गाडी बाजूला घेऊन उभा राहिला होता. मला म्हणाला, "ताई, व्हेंडरला सांगू नका, माझ्या हिशेबातून कापेल." गल्लीतले सगळे म्हणत होते, किल्ली काढून घ्या, मोबाइल ठेवून घ्या, पाच हजार टाकल्याशिवाय सोडू नका. मी नाही काढून घेतलं. त्या पोराच्या खिशातून माझं शटर उभं करायचं नाही मला. अशा अरुंद गल्लीत भरलेली गाडी एकट्याने पाठवायची, सोबत माणूस द्यायचा नाही, संध्याकाळपर्यंत सगळी पार्सलं संपवलीच पाहिजेत म्हणायचं, हा निर्णय त्याचा नव्हता. ज्यांनी तो घेतला आणि ज्यांचे त्यात पैसे वाचले, त्यांनी भरावं.

पोलीस चौकीत गेले. ठाणे अंमलदार म्हणाले, कोणाला लागलंय का? नाही. मग आपसात मिटवा. मी म्हटलं, साहेब, आपसात मिटवायला समोरचा तर हवा! बेदरकार गाडी चालवण्याचं कलम नव्या न्याय संहितेत २८१ आहे, हे मी वाचून गेले होते. त्यावर उत्तर आलं की रिव्हर्समध्ये हळू चालली होती गाडी, बेदरकार कशी म्हणणार, आणि मुद्दाम तोडलं नाही म्हणजे आगळीकही, म्हणजे नासधुशीचा गुन्हाही, नाही. शेवटी डायरीत नोंद झाली. पंचनामा करायला कोणी यायच्या आत मी शटर बदललं होतं, कारण उघड्या दुकानात गिऱ्हाइकांचे शालू ठेवून मी किती दिवस वाट बघणार होते?

विम्याचं त्याहून चीड आणणारं आहे, कारण पैसे तिथे खरंच आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार गाडीला तिऱ्हाईताचा, म्हणजे थर्ड पार्टी, विमा सक्तीचा. तो फक्त माणूस जखमी झाला तर, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसानही त्यात येतं. टेम्पोसारख्या गाडीच्या पॉलिसीत हे संरक्षण साधारणपणे ७.५ लाखांपर्यंत असतं, दुचाकीच्या पॉलिसीत १ लाखापर्यंत. भाच्याने एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला, मिनिटभरात विमा कंपनीचं नाव आणि मुदत समोर. विमा चालू! मी आनंदाने त्यांच्या ठाण्यातल्या ऑफिसात गेले. ते म्हणतात, आधी गाडीमालकाने आम्हाला कळवायला हवं, नाहीतर अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणाचा निवाडा आणा. मालकाला फोन केला, तो म्हणाला कोर्टात जा, आणि ठेवून दिला. वर त्याच ऑफिसातला माणूस मला आगाऊच सांगतो की शटर जुनं होतं, घसारा धरून निम्मेच मिळतील. अहो, माझं जुनं शटर रोज सकाळी सरसर वर जात होतं. मला नव्याची हौस नव्हती. तुमच्या विमेदाराने ते मोडलं म्हणून मला नवं घ्यावं लागलं, आणि बाजारात अर्धं शटर कोणी विकत नाही.

तरी इथे टेम्पोला नंबर होता, विमा होता. आमच्या गल्लीत दिवसभर ज्या बारक्या इलेक्ट्रिक स्कूटर सुसाट फिरतात, त्यांचं काय? २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असला की कायद्याने ते मोटार वाहनच नाही. नंबर प्लेट नाही, लायसन नाही, विमा नाही. परवा एकाने कुणाच्या तरी पार्क केलेल्या गाडीचा आरसा उडवला आणि निघून गेला. त्याला शोधायचं कसं? पाठीवरच्या पिशवीवर कंपनीचं नाव एवढं मोठं, आणि भरपाई मागायला गेलं की ते नाव गायब.

आता राहिलं मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. कायद्यात आहे, मालमत्तेच्या मालकालाही तिथे अर्ज करता येतो. पण २०१९ च्या दुरुस्तीने अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली, आणि चौकशी केली तेव्हा निम्मे वकील म्हणाले, नुसत्या शटरसाठी? माणूस गेला असता तर घेतली असती केस. असं तोंडावर बोलतात. २३,००० साठी वकिलाची फी, कोर्टनाक्याच्या खेपा, दर तारखेला दुकान बंद. या हिशेबानेच लोक गप्प बसतात, आणि कंपनीला हे पुरतं ठाऊक आहे. वर्षानुवर्षं अशी किती कुंपणं, किती ओटे, किती गेट लोकांनी स्वतःच्या पैशाने दुरुस्त केली असतील!

मला काय हवंय ते फार अवघड नाही. ज्या कंपनीच्या पार्सलसाठी गाडी दारात आली, तिने गाडीचा नंबर आणि वेळ एवढ्यावर तक्रार घ्यावी. त्या वेळी त्या गल्लीत कोणती गाडी कुणाचं पार्सल घेऊन होती हे त्यांच्या नकाशावर मिनिटामिनिटाला दिसतं. वरच्या वहिनींना ते मोबाइलवर दिसत होतंच की, टेम्पो कोपऱ्यावर आला तेसुद्धा! कंपनीने आधी माझं बिल द्यावं, मग व्हेंडर, मालक, विमा यांच्याकडून काय वसूल करायचं ते तिचं तिने बघावं. ती ताकद तिच्याकडे आहे, माझ्याकडे नाही.

एक वकीलबाई मिळाल्यात, अर्ज तयार झालाय. समोरच्या बाजूला मालक, विमा कंपनी आणि ती मोठी कंपनी. चालकाचंही नाव द्यावं लागतं म्हणून दिलंय, पण त्याच्याकडून एक रुपया नको हे मी वकीलबाईंना स्पष्ट सांगितलंय. त्या म्हणाल्या, मोठ्या कंपनीचं नाव गाळलंत तर लवकर उरकेल, ती आली की लांबेल. लांबू दे. नाव गाळणार नाही.